लशीच्या फ्रीजमधला हार

सन्माननीय अध्यक्षमहाराज, मंचावरचे सरपंचसाहेब, सत्कार समितीचे दादाभाऊ, माझ्या आशाताई आणि उन्हात ताटकळलेल्या आयाबायांनो, तुमच्या अंजना नर्सबाईचा नमस्कार.

बत्तीस वर्षांनी निवृत्त होतेय म्हणून तुम्ही एवढा मोठा हार घातलात. आभारी आहे. पण मंडळी, मे महिन्यात, भर दुपारी बाराला, हार असा गारेगार कसा? गळ्याला लागला तशी मला शिसारीच आली. म्हणून काढून टेबलावर ठेवलाय. राग मानू नका. मानलात तरी चालेल.

शनिवारी दादाभाऊ म्हणाले, "बाई, चावी द्या, लाइट गेलती, फ्रीज बघतो." मी विश्वासानं दिली. आज परत मिळाली, तशी उठून बघून आले. फ्रीजमध्ये पेढे आणि पाव्हण्यांचं सरबत! आणि लस? पत्र्याच्या खोलीत, खोक्यात, दोन दिवस! पोलिओच्या बाटलीवर एक पांढुरका चौकोन असतो, लस तापली की तो काळपट पडतो. सगळे काळपट. तर भाऊ हसून म्हणतात, "हार कोमेजला असता ना! एवढ्यानं काय व्हतंय बाई?" किळस आली हो मला त्या हसण्याची.

जिल्ह्यावरून तालुक्याला, तालुक्यावरून इथं, इथून बर्फाच्या पेटीतून बाळाच्या ओठांपर्यंत, लस कुठंच तापू द्यायची नसते. दीड महिन्याचं बाळ असो, गरोदर बाई असो, नाहीतर आज इथं उद्या तिथं अशी फिरस्ती माणसं, आपण त्यांच्यापर्यंत जायचं. सरकारचा कार्यक्रम म्हणजे एवढंच तर आहे! त्यात सरबत कुठं बसतं, सांगा ना?

येडगावला धरणाकडेला सोनीबाईंच्या मेंढ्या उतरल्यात. नातू चार महिन्यांचा, अजून एकही डोस नाही. "माळावर कोण येतंय राव आमच्या पोराला टोचाया?" म्हणायच्या. मी चार खेपा घातल्या, तेव्हा काल कुठं हो म्हणाल्या. आज संध्याकाळी डोस ठरलाय. उद्या पहाटे त्या पुढं निघणार.

तेव्हा पेढे तुम्हीच खा. शेजारच्या केंद्रातून लस मिळतेय, मी फोन केलाय. दस्तगीरभाईंची रिक्षा बाहेर उभी आहे, पेटी आत ठेवलीय. येण्याची तसदी घेतलीत, सगळ्यांचे मनापासून आभार. काही कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला. पण चावी मी दिली, ती चूक माझीच. तिची माफी तुमच्याकडं नाही मागत. ती मागायला येडगावला निघालेय.