धुऱ्यावरचा टॉवर

तोट्यात आहे म्हणजे? कोणाच्या तोट्यात? — नाही, तुम्ही आधी बसा साहेब, त्या धोंड्यावर बसा, तुरीच्या खुंट्यांत उभे राहू नका, बुटातून घुसतात. तुमचा माणूस फुलसावंगीहून जाळीच्या कुलपाची चाबी आणेपर्यंत तसंही काही होत नाही. मला वाटलं बॅटरी बदलायला आलात. शाळेच्या गच्चीवरून जीप दिसली तशी हेडफोन काढून पळत आले — मी राखी, रामसिंगांची मुलगी, ज्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, तुमचा हा टॉवर उभा आहे त्यांची — अन् येऊन पाहते तर तुम्ही म्हणता, बंद करायला आलो. आजच. जसं कोणी जाता जाता बल्ब काढून नेतं. साठ घरांचा तांडा आहे हा. पुढचा टॉवर फुलसावंगीला, अन् मधे ही टेकडी. हा गेला की तांड्यात फोन म्हणजे नुसतं घड्याळ. माहीत आहे ना तुम्हाला? माहीत आहे. मग मान खाली काहून घातली?

तोटा, तोटा. मी बी.कॉम. केलंय साहेब, पुसदला, रोज एसटीनं जाऊन-येऊन. तोटा मला शिकवू नका. आधी तुम्हीच लोकांनी फुकट वाटलं — मी शाळेत होते, बाजारात छत्री लावून सिम वाटत होते, प्रसादासारखं, घ्या, बोला, पाहा, पुन्हा या. छोट्या कंपन्या त्यात मेल्या. ह्याच टॉवरवर दोन कंपन्यांच्या पेट्या होत्या, एक बुडाली, अन् सगळं भाडं, सगळं डिझेल उरलेल्या एकीवर आलं. तो तोटा कोणी केला? आम्ही केला? दुकानं कमी झाली की भाव कोण ठरवतं, सांगा. छोटी रिचार्जं एकेक करून गेली. मग आलेला फोन ऐकायलाही रिचार्ज लागायला लागलं — ऐकायला! अन् महिना अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षात तेरा रिचार्जं. अधिक महिना तीन वर्षांनी येतो साहेब, तुमचा दर वर्षी येतो, अन् त्याला जावयालाही बोलवता येत नाही. हसू नका. आमच्या शेजारची रुपीबाई आहे, म्हातारी, तिचा मुलगा सांगलीकडे ऊस तोडतो. तिला काय पाहिजे? संध्याकाळी त्याचा आवाज पाहिजे. तुम्ही तिला रोजचं दीड जीबी देता. तिचा फोन बटणांचा आहे! चिमूटभर मीठ मागायला आलेल्या बाईला सांगायचं, पोतं घे, नाहीतर चालती हो — आहे? नुसत्या बोलण्याचा वेगळा प्लॅन आहे? हो, आहे, पण त्याला दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम टाकावे लागतात, अन् दुकानदार तो दाखवतच नाही. मला विचारा. मी भांडून घेतलाय तिच्यासाठी.

पण तुम्ही एकटे नाही. आमचे म्हातारे तुमच्यावर कडी आहेत. आमचे नायक — तांड्याचे प्रमुख, देवीलाल नायक — त्यांनी काय शक्कल काढली? एका फोनमध्ये एक मोठं रिचार्ज, अन् संध्याकाळी ओट्यावर हॉटस्पॉट. सगळा ओटा त्याच्यावर. बाकीच्यांनी रिचार्ज करणं सोडून दिलं. कायले करायचं? फुकट आहे ना. "छोरी, कंपनीले टोपी घातली का नाही, सांग!" — मला विचारतात, अन् मिशीवरून हात फिरवतात. तिकडे मोबाईलमध्ये शंकरपटाचे, शर्यतीचे बैल धावून राह्यले, अन् हे ओट्यावर बसून "हाण, हाण" करून राह्यले. पासवर्ड बायांना नाही हं. बायांना काय करायचं, म्हणे, त्यांच्या हातात भाकर असते. मी सांगितलं होतं, नायक, तुम्ही फुकट पाहता, पण कंपनीच्या हिशेबात आपला तांडा ओसाड दिसतो, एक दिवस उचलून नेतील टॉवर. तर म्हणाले, "एवढं लोखंड कोणी उचलते का, येडे?" सगळा ओटा हसला. माझे बा पण हसले — बा म्हणजे माझे वडील — सगळ्यात जोरात तेच हसले. किळस येते साहेब. अडाणीपणाची किळस येत नाही मला एवढी, ह्या शहाणपणाची येते.

अकरा? सगळ्या तांड्यात अकराच नंबर चालू? बरं, असतील. पण तुमचं गणितही काही कमी भिकार नाही. दिवाळी झाली की अर्धा तांडा ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जातो, होळीपर्यंत. रिचार्ज तिकडे मारतात. तो पैसा तुम्ही कोणत्या टॉवरचा धरता? तिकडच्या. फडावरून पोरगा फोन लावतो, कमाई तिकडच्या नावावर, अन् इथं रुपीबाई नुसती ऐकते म्हणून इथला टॉवर खाणारा. अहो, पण ती ऐकते म्हणून तो लावतो ना? हा टॉवर काढल्यावर तो कोणाला लावेल, टेकडीला? मग त्यानंही रिचार्ज सोडलं तर सांगलीच्या साहेबाला वाटेल, आपल्याकडे गिऱ्हाईक कमी झालं, काय कारण असेल बुवा! — हो, तेच म्हणते मी, तुम्हालाही कळतं. कळतं सगळ्यांनाच. वर जाऊन सांगायचं कोणी, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही नाही सांगणार. तुमचा चेहराच सांगतो.

मी एवढी कायले तडफडते, ते विचारा ना. विचारत नाही तरी सांगते. मी ह्या टॉवरवर नोकरी करते. नागपूरची बस-तिकिटांची कंपनी आहे, तिच्याकडे लोकांच्या तक्रारी येतात, त्या मी ऐकते — गाडी आली नाही, सीट मोडकी निघाली, ड्रायव्हरनं भलत्याच धाब्यावर थांबवली, पैसे परत द्या. सकाळपासून शाळेच्या गच्चीवर, ताडपत्रीखाली, लॅपटॉप घेऊन. तांड्यातली पहिली मुलगी आहे मी, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी. बाची एकच अट होती, घरी राहून करत असशील तर कर, बाहेरगावी पाठवणार नाही. कंपनीनं दोनदा बोलावलं, नागपूरला येऊन बस, पगार वाढवतो, हॉस्टेल देतो. दोनदा नाही म्हटलं. तिथल्या मॅडमला म्हटलं, आमच्याकडे रेंज फार चांगली आहे, टॉवर आमच्याच शेतात आहे. केवढ्या तोऱ्यात सांगितलं मी! तर तुम्ही आज हे बंद केलं की मी उद्यापासून चुलीपुढे. समजलं का आता? म्हणून हात जोडते साहेब, मघापासून तोंडानं शिव्या देऊन राह्यले, पण हात जोडते — थोडी मुदत द्या. काय करावं लागेल ते सांगा. मी करते.

काय? परत सांगा. — कोणाला कळवलं होतं? कधी? — दसऱ्याच्या आधी. इथंच, धुऱ्यावर उभं राहून. तीस नंबर चालू करून दाखवा, टॉवर वर्षभर ठेवतो. हे तुम्ही माझ्या बाला सांगितलं? अन् नायक होते सोबत? दोघंही? — नाही, मला राग नाही आला, तुम्ही बोला. बा काय म्हणाले? — "घेऊन जा." एवढंच? — साहेब, तुम्ही अर्धं गिळून राह्यले. काय म्हणाले ते म्हणाले, तुमच्यावर काही येत नाही. — "पोरी बिघडतात." बरं. — "दिवसभर परक्या माणसांसंगं बोलते." बरं. अजून? — बस. एवढं बस आहे.

अन् भाडं? टॉवर गेला तर भाडंही जाईल, हे सांगितलं होतं त्यांना? स्पष्ट सांगितलं होतं? — तरीही. बानं भाडं सोडलं! साहेब, तुम्ही ह्या माणसाला ओळखत नाही. मी आठवीत गेले तरी एसटीत माझं अर्धं तिकीट काढायचे, कंडक्टरसमोर म्हणायचे, "अंगानं वाढली, अकलेनं दहाचीच हाय." गोठ्यातली तुटकी दोरीसुद्धा गाठ मारून वापरतात. त्या माणसानं दर महिन्याचं घरबसल्या येणारं भाडं सोडून दिलं, कायले, तर मी गच्चीवरून खाली उतरावी म्हणून. मी एवढी महाग आहे हे मला माहीतच नव्हतं. अन् तीन-चार महिने रोज एका ताटलीत जेवल्यासारखे जेवलो आम्ही, रोज विचारायचे, आज किती फोन घेतले गं? मी सांगायची. मला वाटायचं, कौतुकानं विचारून राह्यले.

थांबा. तीस म्हणाला ना? मी करते तीस. माझ्या खात्यात पगार पडलाय, सगळ्या तांड्याची रिचार्जं मी एकटी मारते, आत्ता, तुमच्यासमोर — काय? इतके दिवस बंद राहिलेले नंबर गेले? कायमचे? बरं, मग नवीन सिम. घरागणिक नवीन सिम, तुमच्याच कंपनीची, गिऱ्हाईकं आणून देते तुम्हाला — हो, माहीत आहे, ज्याच्या नावावर घ्यायचं त्यानं समोर पाहिजे. आधार पाहिजे, अंगठा पाहिजे. — अंगठा.

अंगठे कुठं आहेत साहेब? अंगठे सगळे उसाच्या फडात आहेत, कोयता धरून. तांड्यात आता कोण उरलं? दूध पिणारी, बिडी पिणारी, अन् रुपीबाईसारख्या चार बाया. तीस होत नाहीत. अन् जे होतील ते नायकाच्या तोंडाकडे पाहतील आधी. दसऱ्याच्या आधी सगळे इथं होते, सगळे, घरात दोन-दोन अंगठे होते. एक शब्द कोणी काढला असता तर मी एका दिवसात रांग लावली असती शाळेपुढे. हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच गप्प बसले, ट्रक भरून जाईपर्यंत. मी इतके दिवस अडाणी म्हणत होते ह्यांना, नेट कळत नाही, धंदा कळत नाही म्हणून हसत होते. सगळं कळतं त्यांना. तुमचा तोटा त्यांना बरोबर कळला, अन् कुठं वापरायचा तेही कळलं. थू.

समजूत काढू? त्यांची? — शांतपणे बसून बोलू वडिलांशी. हं. हे तुम्हाला कोण शिकवतं साहेब, साठीला टेकलेल्या माणसांची कुठं शाळा असते का? मुलीपासून लपवायचं, मुलीच्या पाठीमागं सौदा करायचा, अन् मुलीला सांगायचं, शांतपणे बस. तुम्ही तरी माझ्याशी बोललात का दसऱ्याला? मी गच्चीवरच होते. तुमच्याच टॉवरवर सगळ्यात जास्त डेटा जाळणारा नंबर माझा आहे, तो तुम्हाला कागदावर दिसला असेल, पण विचारलं कोणाला, तर ज्याच्या नावानं सातबारा त्याला.

— नागपूर? जाऊ शकते ना. सोपं आहे. भीती? मला कशाची भीती? — वाटते. असे काय पाहता? वाटते भीती. एकदा तिथं परीक्षेला गेलते, बर्डीच्या चौकात रस्ता ओलांडता येईना, किती वेळ नुसती उभी, शेवटी एका पाणीपुरीवाल्यानं हात धरून पलीकडं नेलं, पेपर अर्धा राहिला. घरी सांगितलं, पेपर अवघड होता. मॅडमला रेंज चांगली आहे, रेंज चांगली आहे म्हणत राहिले मी, ते काही बाच्या अटीमुळेच नाही... जाऊ द्या. तुम्हाला कायले सांगून राह्यले मी हे? तुम्ही माझे कोण?

आला तुमचा माणूस. मिळाली चाबी? उघडा, उघडा. फक्त दोन मिनिटं द्या, एक फोन लावते. एवढ्यानं तुमची कंपनी बुडत नाही. — हॅलो, निकिता मॅडम? राखी बोलतेय. ती हॉस्टेलची जागा आहे का अजून? — मीच. माझ्यासाठीच विचारतेय. — हो, परवापासून ऑफिसात बसते. नाही मॅडम, घरी विचारलेलं नाही. घरी सांगणार आहे. — तुम्ही बसस्टँडवर याल? याल का खरंच? — रेंजचा प्रॉब्लेम आहे मॅडम इकडे, आता लागला नाही तर काळजी करू नका. ठेवते.

झालं माझं. जीप महागावपर्यंत जाते ना? शाळेपाशी पाच मिनिटं थांबवा, लॅपटॉप घेते, अन् घरून एक पिशवी. नाही म्हणू नका, तेवढं तुमच्या कंपनीकडे माझं निघतं. संध्याकाळी रुपीबाई फोन हलवून हलवून पाहील, कानाला लावेल, अन् विचारायला नायकाच्या ओट्यावर जाईल. जाऊ द्या. तिच्या डोळ्यात पाहून त्यांनीच सांगावं, कोणी कोणाला टोपी घातली ते. सांगलीचा नंबर माझ्याकडे आहे, तिच्या पोराला मी नागपूरहून कळवते.

ते पाहा, धुऱ्यावरून कोण येऊन राह्यलं. बा आहेत. हातात किटली दिसते. आता येतील, तुम्हाला चहा देतील, मला म्हणतील, तू इथं उन्हात काहून उभी, घरी जा. तुम्ही चहा घ्या खुशाल. पण आधी खटका पाडा, मागं फिरायला मला निमित्त नको. — माझ्याकडे काय पाहता? पाडा म्हटलं ना. ते इथं पोचायच्या आत.