नावाड्यावर पडलेला फासा

धाकटा : सरक अशी जवळ, ताई. कान इकडे दे. नदीकाठच्या एका गावाची गोष्ट सांगतो, मन लावून ऐक...

ताई : प्रवचन नको, डाव मांड! दुकानात खेळ विकत घ्यायला येणारा पहिलं हेच विचारतो, "या खेळात कापाकापी आहे ना?" आणि तुझ्या गावात? माणसं जाळी विणतात, आजाऱ्याला औषध पाजतात. त्यासाठी फासे टाकेल कोण?

धाकटा : मी. मला तेच गाव आवडतं.

ताई : तू एकटाच. तुझ्या मागच्या खेळाची मी छापलेली पुस्तकं माळ्यावर धूळ खाताहेत. या वेळी पुस्तकात रक्त हवं. नाहीतर छापणार नाही, सख्खा भाऊ असलास तरी.

धाकटा : बरं बाई. मग तू हो लुटारूंची म्होरकी. मी सूत्रधार. मी सांगायचं, फाशानं ठरवायचं. आणि छापण्याआधीच्या या चाचणीच्या डावात जो मेला, तो पुस्तकात पुन्हा उठत नाही.

ताई : नियम माझाच, मलाच शिकव! चल. पहाटे चढाई. वेशीजवळची घरं पेटवली.

धाकटा : पेटली. पहिल्या घरात विणकर झोपलाय. बाहेरून कडी घातलीत?

ताई : घातली.

धाकटा : मग तो दार बडवतोय. ओरडतोय. अजून ओरडतोय.

ताई : पुढं चल की!

धाकटा : गल्लीत त्याची बायको, हातात कोयता. टाक फासा.

ताई : पाच! आडवी केली.

धाकटा : केलीस. तिची दोन बोटं कोयत्याच्या मुठीलाच राहिली.

ताई : शी! मेल्या, तुला म्हणे रक्त बघवत नाही?

धाकटा : नाही बघवत. म्हणूनच ते झटकून पुढं जाता येत नाही.

ताई : गिऱ्हाइकाला पुढंच जायचं असतं रे. पडलेल्याकडे वळून कोण बघतं?

धाकटा : घाटावर म्हातारा नावाडी. नावेत सात मुलं. तो दोर सोडतोय, तुझा बाण त्याच्यावर. सहा पडले तरच लागेल.

ताई : सहा कुठले पडताहेत! हे घे.

(फासा घरंगळत जाऊन थांबतो.)

धाकटा : सहा.

ताई : टेबल हललं. पुन्हा टाकते.

धाकटा : बाण मानेतून आरपार. तोंडातून रक्ताची गुळणी आली, तरी त्यानं दातांनी दोर तोडला. नाव प्रवाहाला लागली. तो पायरीवरच राहिला.

ताई : पुन्हा टाकते म्हटलं ना!

धाकटा : नियम कुणाचा?

ताई : ...माझा. अरे, हे नाही खपायचं. यात मेलेला माणूस खरंच मरतो.

धाकटा : मग नको छापूस.

ताई : मोठा आलाय नको म्हणणारा! छापते. अक्षराला हात लावत नाही. शेवटी एवढी एक ओळ माझी घाल.

धाकटा : सांग.

ताई : लिही, "खेळणाऱ्यांनो, मुलं पैलतीरी उतरली की फासे घटकाभर खाली ठेवा, आणि त्या नावाड्याची आठवण काढा."