रुपया ओळखणारं यंत्र

...आणि वर मलाच विचारतात, रामकिशनराव, तुम्ही त्या म्हातारीचा रुपया मशिनीत का टाकला? अरे, मी टाकला? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं झाली मला या जिल्ह्यात बातमीदारी करून, नामांतराच्या मोर्चात लाठी बसली ती या खांद्यावर, अजून थंडीत दुखतो, मंत्र्यांना तोंडावर प्रश्न विचारलेत, पण माझ्यावर कुणाचा रुपया गिळल्याचा आरोप कधी झाला नव्हता. मी फक्त बातमीला गेलो होतो.

बातमी काय? तर आमच्या बसस्टँडवर — कोणत्या ते विचारू नका, कॅन्टीनवाला माझ्याशी आधीच बोलत नाही — चहाचं यंत्र आलं. इलेक्ट्रॉनिक. रुपया टाका, बटण दाबा, चहा. कपाटाएवढा डबा, तांबडे-हिरवे दिवे, आणि कॅन्टीनवाला बन्सीधर त्याच्याकडं असा बघायलाय जणू जावई आलाय. साडेदहाला उद्घाटन, पाहुणे रिटायर्ड तहसीलदार आप्पाराव. आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो, बाहेर बोलू नका. बातमीचं पाकीट औरंगाबादला जातं नऊच्या गाडीनं. उद्घाटन साडेदहाला. मग काय करायचं? बातमी सकाळीच लिहिली, ‘आप्पारावांच्या हस्ते पहिला चहा, यंत्र सुरळीत’, ड्रायव्हरच्या हातात दिली आणि मग आपलं बघावं तरी काय होतंय म्हणून थांबलो. थांबायला नको होतं. हे मला आता कळतंय.

पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला होता, टाय लावून, मे महिन्यात, परभणी जिल्ह्यात. त्यानं पेटी उघडली, आत तारा, बारकी बारकी बटणं, हातात इंग्रजी पुस्तिका. मी विचारलं, काय चाललंय? “सर, सॉफ्टवेअर सेट करतोय. कोणतं नाणं घ्यायचं ते त्याला शिकवावं लागतं.” बन्सीधर बिलाचा कागद घेऊन उभाच होता. “हे साफ्टवेअर कुठंय? दावा.” इंजिनिअर म्हणाला, “ते दिसत नाही.” “दिसत न्हाई? मंग सतराशे कशाचे लावले?” एवढं म्हणून बन्सीधर गेला आप्पारावांना आणायला, आणि जाताना बँकेतून चिल्लरची पिशवीही आणतो म्हणाला.

आणि मग इंजिनिअरनं हात पुढं केला. “सर, एक रुपयाचं नाणं द्या. सॅम्पलला.”

आता सांगा, बसस्टँडवर एक रुपयाचं नाणं? आमच्याकडं? कंडक्टर तिकिटाच्या मागं ‘१ रु. बाकी’ लिहून देतात आणि ती तिकिटं लोकांच्या घरी रद्दीत जातात, पानवाला रुपयाच्या जागी चार गोळ्या देतो, माझ्या खिशात त्या दिवशी एक दहाची नोट आणि सात गोळ्या. चौकशी खिडकीवर विचारलं, नाही. पेपर स्टॉलवर विचारलं, नाही. हमालाला विचारलं तर तो मलाच म्हणाला, “साहेब, तुमच्याकडं हाय का?” अख्ख्या स्टँडवर रुपया नाही आणि रुपयावर चालणारं यंत्र बसवलंय. ही बातमी होती बघा खरी. पण पाकीट गेलेलं.

यंत्राशेजारच्या बाकड्यावर एक म्हातारी, कडूबाई. पेडगावच्या गाडीची वाट बघत बसलेली. नातीचं लग्न, दुपारची अक्षता, गाडी अकराची आणि त्यानंतर एकदम चारची. मी विचारलं, “मावशी, रुपयाचं नाणं आहे का? दोन मिनिटांत परत देतो.”

“हाय. पर त्यो द्याचा न्हाई. नातीच्या गाठीतला हाय.”

आमच्याकडं नवरा-नवरीची गाठ बांधताना पदरात सुपारी, हळकुंड आणि रुपया घालतात, तुम्हाला माहीत आहे. हिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच रुपया. हिच्या आईच्या गाठीत तोच, हिच्या तोच, हिच्या चारपैकी तीन लेकींच्या तोच. चौथीच्या वेळी दुसरा घातला होता, तर ती सहा महिन्यांत माघारी आली. “म्हून देत न्हाई,” म्हणाली.

गप्प बसावं की नाही माणसानं? पण नाही. मी म्हणालो, “मावशी, मी पत्रकार आहे. माझा शब्द आहे.”

तिनं माझ्याकडं बघितलं. “पेपरवाला हाईस म्हून देते, बाबा,” आणि कनवटीची गाठ सोडून रुपया माझ्या हातावर ठेवला. हळदी-कुंकवाचा असा थर चढलेला की नाणं कुठं संपतं आणि पूजा कुठं सुरू होते ते कळेना. मला चष्म्याशिवाय दिसत नाही, इंजिनिअर पुस्तिकेत बघत होता. त्यानं नाणं पँटीला पुसलं, आत एका खाचेत बसवलं, वरून पट्टी, चार स्क्रू, दार लावलं, कुलूप. “झालं सेटिंग, सर.”

“छान. आता रुपया द्या.”

“कोणता?”

“आत्ता दिलेला.”

“सर, तो आतच राहतो. बाहेरून पडणारं प्रत्येक नाणं यंत्र त्याच्याशी जुळवून बघतं.”

“हे आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं नाही.”

बावीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारतोय. बावीस वर्षं. आणि नेमका हा एक राहिला. काढून द्या म्हणालो, तर म्हणतो पाहुणे येतायत, सगळं परत पहिल्यापासून करावं लागेल, उद्घाटनानंतर बघू. कडूबाई बाकड्यावरून म्हणाली, “झाली का दोन मिंटं?” मी घड्याळाकडं बघितलं. मी फक्त बातमीला गेलो होतो हो.

तेवढ्यात बन्सीधर आला, आप्पाराव आले, हार झाला, नारळ झाला, आणि आप्पारावांनी पिशवीतला नवाकोरा रुपया टाकला. खण्ण. खालून बाहेर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पहिल्या दिवशी पैसे परत आहेत. दुसरा टाकला, बाहेर. जुना मोठा टाकला, बाहेर. नऊ रुपये टाकले, नऊच्या नऊ बाहेर. बन्सीधरचं तोंड पडलं, इंजिनिअरनं टाय सैल केला, आणि कडूबाई शांतपणे म्हणाली, “ते माज्या रुपयाला वळखायलंय. दुसऱ्याचा कसा घील?”

आप्पाराव वळले. “बाई, कुठला रुपया तुमचा?”

“निजामाचा. चार मिनारवाला.”

आप्पाराव निजामाच्या अमलात कारकून म्हणून लागलेले, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “म्हणजे हाली सिक्का. बन्सीधर, तुझी मशीन निजामाच्या चलनावर चालायलीय.” अरे, निजाम जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली, हाली सिक्का बंद होऊन किती वर्षं लोटली, आणि या पठ्ठ्यानं तो सतराशे रुपये खर्चून परत सुरू केला. इंजिनिअर पुस्तिकेत निजाम शोधायला लागला.

“माझा रुपया द्या,” कडूबाई म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. आणि पेडगावची गाडी लागली.

कंडक्टर दारातून ओरडायला, “चला पेडगाव, चला मावशी.” मावशी हलेना. “रुपया घेतल्याबिगर मी जात न्हाई. पोरीची गाठ रिकामी बांधू का?” कंडक्टरनं घंटी ओढली, गाडी सरकली, आणि मी... बघा, रस्ता अडवणाऱ्यांविरुद्ध मी तीन लेख लिहिलेत. तिन्ही कडक. मी जाऊन गाडीसमोर उभा राहिलो.

“रामकिशनराव, बाजूला व्हा. टाइम झाला.”

“होऊ दे.”

“वर रिपोर्ट करीन मी.”

“कर. बातमी मीच देतो.”

इंजिनिअरनं कुलूप काढलं. पहिला स्क्रू निघाला, दुसरा, तिसरा. चौथा फिरेना. घाईत त्यानं वाकडा बसवलेला. घाम त्याला, घाम मला, गाडीतले लोक खाली उतरून सल्ले द्यायलेत, “तेल सोडा”, “उलटा फिरवा”, “आमच्या गावात बोलवा त्याला, इंजन दुरुस्तीला”. मी आयुष्यात एवढी प्रार्थना कधी केली नाही, दहावीला गणिताच्या पेपराला पण नाही. शेवटी पेडगावच्या गाडीचा ड्रायव्हर उतरला, त्यानं टायरच्या पेटीतला पान्हा आणला, एक हिसका, आणि पट्टी निघाली. रुपया तळहातावर. पुसलेल्या जागी मिनार चकाकायलेले.

कडूबाईनं तो उलटा केला, सुलटा केला. “हळद पुसलीस की रं.” एवढंच. कनवटीला लावला, गाडीत चढली. गाडी गेली. मी बाकड्यावर बसलो आणि छातीतून असा श्वास सुटला की बन्सीधरच्या हातातलं बिल उडालं.

नंतर नव्या रुपयाचं सॅम्पल बसवलं, आप्पारावांना चहा मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी माझी बातमी छापून आली, ‘यंत्र सुरळीत’. खरी निघाली. मला स्वतःला धक्का बसला.

चौथ्या दिवशी कडूबाई स्टँडवर उतरली. माझ्या हातात बुंदीचा पुडा ठेवला, आमच्याच पेपरात बांधलेला. लग्न छान झालं, पोरगी हसत सासरी गेली, गाठ सुटली की रुपया आजीकडं परत आला. माझे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. म्हणालो, “मावशी, चला, यंत्राचा चहा पाजतो तुम्हाला.”

बन्सीधरपुढं दहाची नोट धरली.

“चिल्लर न्हाई, साहेब. सगळी मशिनीत हाय. चावी पुण्याला गेली.”

मी खिसे चाचपले. गोळ्या. अकरा. आणि मागून आवाज आला, “थांब रं बाबा, माज्याकडं हाय की एक,” बघतो तर मावशी कनवटीची गाठ सोडायलीय.

तुम्हाला सांगतो, मी तिचा हात धरला आणि तसाच रस्त्यापलीकडं हातगाडीवर घेऊन गेलो. दोन चहा. उधार.