ठरेपर्यंत गूळ

बोरीवलीच्या दवाखान्यात सतरा नंबरचा बिल्ला मुठीत धरून उत्तरा बसली होती, पण कान शेजारच्या बाकावरच्या दोघा म्हाताऱ्यांकडे लागले होते.

"दत्तारामभाऊ, हे वाचलंत? धुरानं म्हणे अख्खी पृथ्वी तापतेय. समुद्र वर चढणार."

"अरे देवा! आमचं गावचं घर किनाऱ्यालाच आहे हो, श्यामराव."

"घाबरताय काय? शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. दहा जण हो म्हणतात, दोघं नाही म्हणतात."

"आमच्या मिलच्या डॉक्टरांचंही नव्हतं."

"कशावर?"

"खोकल्यावर. एक म्हणायचा, रुईची धूळ छातीत जाते. दुसरा म्हणायचा, बिडी सोडा. मी जन्मात बिडी ओढली नाही."

"मग ठरलं काय?"

"ठरेपर्यंत रोज गुळाचा खडा द्यायचे. गुळानं घशातली धूळ पोटात उतरते म्हणे. तीस वर्षं खाल्ला."

बोलता बोलता दत्तारामभाऊंना खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना.

"सतरा नंबर!" कंपाउंडर ओरडला.

"काका, माझ्या नंबरावर तुम्ही जा," उत्तरा म्हणाली.

"जातो, पोरी. पण श्यामराव, एवढ्या मोठ्या पृथ्वीला गूळ कोण पुरवणार हो?"