शांतव्वाचा फोटो

कोल्हापुरातल्या विमा कचेरीत रांगेत राजनंदिनीच्या पुढे एकच म्हातारा होता. हुपरीहून आलेला.

"शिवमूर्तीकाका, घरी नर्स ठेवल्याचा तुमचा क्लेम परत आलाय," खिडकीतली कारकून बाई म्हणाली.

"पुन्यांदा? आता काय ऱ्हायलं, ताई?"

"पेशंट अंथरुणाला खिळलेला पाहिजे. फोटोत काकू खुर्चीत बसल्यात. नवी साडी, केसांत गजरा."

"फोटो काढायचा म्हटल्यावर नटवून बसवणारच की. मागनं मी खांदं धरून उभा हाय. माझी बोटं दिसत्यात बघा."

"दिसतात. पण वरच्या साहेबांना हे चालत नाही. अंथरुणातलाच काढून आणा, नाकातल्या नळीसकट."

"तसा न्हाय काढू द्यायची शांतव्वा. बोलता येत न्हाय, पर फोटो म्हटलं की पदराकडं बघती."

"मग झोपेत काढा. त्यांना कळणारसुद्धा नाही."

मागे राजनंदिनीच्या हातात तिच्या क्लेमसाठी आणलेला सासऱ्यांचा बिछान्यातला फोटो होता. तिने तो पालथा धरला.

"ऱ्हाऊ दे मग तो क्लेम. तेवढा फोटो माघारी द्या, ताई. लई दिसांनी चांगला आलाय तिचा."