नऊ पॉइंट आठ

मंडळी, सावरून बसा! आज आरंभालाच एक प्रश्न टाकते. एकीचं उत्तर खोटं, पण बरोबर. दुसरीचं उत्तर खरं, पण चुकलेलं. सांगा, यातली देवाला आवडती कोण?

हां, बघा, पुढच्या रांगेतले काका म्हणाले, "खरी!" काका, देवळात बसून सगळेच असं म्हणतात! परीक्षेला बसून कोण म्हणतं, ते ऐका.

एका जिल्ह्यात सरकारचं एक विज्ञान विद्यालय होतं. फी नाही, वशिला नाही. चाळणी परीक्षा द्यायची, आणि आख्ख्या जिल्ह्यातून साठच पोरं निवडायची! त्या साठांत निवडली गेली केतकी गुरव. तिचे वडील गावच्या देवळात पखवाज वाजवायचे. केतकी पाळण्यात होती तेव्हापासून कानावर काय? धा धा दिं ता! पोरगी बोलायच्या आधी मात्रा मोजायला शिकली!

पण विद्यालयाचा नियम कडक. पहिल्या सत्रात एकाही विषयात उणी पडलीस, की बाई, आपल्या जुन्या शाळेत परत जा! केतकीचं बाकी सगळं ठीक होतं. अडलं होतं भौतिकशास्त्र. लेखी पेपर बेताचा गेलेला. आता प्रात्यक्षिकात वीसपैकी बारा गुण मिळाले तर राहायचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा!

प्रात्यक्षिक कसलं? लोलकाचं. दोऱ्याला गोळा बांधायचा, झोका द्यायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागले ते मोजायचं. त्यावरून पृथ्वी आपल्याला किती जोरानं ओढते, तो आकडा काढायचा. तो यायला हवा नऊ पॉइंट आठ. पुस्तकात छापलाय, फळ्यावर लिहिलाय, साठही पोरांना पाठ!

दोरा एक, गोळा एक । हाती मोजावी घटका ।
जैसा पडेल आकडा । तैसा लिहावा नेटका ॥

केतकीनं मोजलं. गणित केलं. उत्तर आलं — दहा पॉइंट आठ!

पुन्हा केलं. दहा पॉइंट आठ! तिसऱ्यांदा केलं, आणि काय आलं असेल? बरोब्बर!

शेजारच्या टेबलावर तिची मैत्रीण होती, मृण्मयी केंजळे. तिची वही केव्हाच मिटलेली. वर शीळ घालत बसलेली!

"झालं तुझं?" केतकीनं विचारलं.

"झालं काय, बसवलं! अगं वेडे, उत्तर ठाऊक आहे ना? मग उलटं गणित करायचं. नऊ पॉइंट आठवरून सेकंद काढायचे, एखादा इकडे-तिकडे करायचा, म्हणजे खरं वाटतं. सगळा वर्ग तेच करतोय."

"पण गोळा तर वेगळंच सांगतोय."

"गोळ्याला घरी परत जायचं नाहीये! तुला जायचंय!"

मंडळी, काय मैत्रीण आहे! मनानं वाईट नाही हो. जीव तुटत होता तिचा. तिनं आपली वही केतकीकडे सरकवली. पाच मिनिटं उरलेली. केतकीनं पेन्सिल उचलली, खोडरबर उचललं... आणि तुम्ही असता तर? खरं सांगा! मी असते तर आकडा खोडून मोकळी झाले असते!

पण केतकीनं वही परत सरकवली आणि लिहिलं, दहा पॉइंट आठ. खाली एक ओळ घातली — 'तीनदा मोजले. चूक सापडली नाही.'

होनराव सर वह्या तपासायला बसले. एकोणसाठ वह्यांत नऊ पॉइंट आठ. साठावी उघडली आणि चष्मा कपाळावर गेला!

"केतकी गुरव! ही कुठल्या ग्रहावरची पृथ्वी आणलीस?"

वर्ग खो-खो हसला. केतकीचे कान लाल.

"सर, मोजलं तेच लिहिलंय."

"असं? मोज बघू माझ्यासमोर. मोठ्यानं!"

केतकीनं गोळा सोडला, घड्याळाचं बटण दाबलं, आणि सुटल्या क्षणी म्हणाली, "एक!"

"थांब!" सर ओरडले. "अगं, झोका पूर्ण व्हायचाय, तोवर एक कुठून आला?"

"सर... आमच्याकडे सम एकवरच असते."

गणूकाका, तबल्यावरचा हात थांबवा जरा. पहिला ठोका तुम्ही कितवा मोजता? एक! ऐकलंत? पोरगी लोलक मोजत नव्हती, ताल मोजत होती! तालात पहिला ठोका एक. झोक्यात सुरुवात शून्य. तिचे वीस म्हणजे मुळात एकोणीसच झोके!

सर काय हसले, काय हसले! म्हणाले, "त्याच सेकंदांना आता एकोणीसनं भाग."

भागलं. फळ्यावर उत्तर उतरलं — नऊ पॉइंट आठ!

सर हळूच म्हणाले, "हिची वही मला दुरुस्त करता आली, कारण ही खरी चुकली. तुमच्या एकोणसाठ वह्यांत दुरुस्त करू तरी काय?"

मग कोण उठलं असेल? मृण्मयी! मान खाली. "सर, मला पुन्हा करायचंय. शून्यापासून."

केतकीला गुण मिळाले चौदा. चुकीपायी सहा कापलेच सरांनी, सोडतात काय! पण बारा हवे होते, चौदा आले. पोरगी राहिली!

आता माझी गाडी तुमच्याकडे! डॉक्टर विचारतात, "रोज चालता का?" आपण काय सांगतो? "अर्धा तास!" कुठला अर्धा तास? पलंगापासून टीव्हीपर्यंत! मग तो बिचारा बसवलेल्या आकड्यावर गोळी देतो, आणि गुण आला नाही की नावं कुणाला? त्यालाच! आणि आयांनो, पोरानं नव्वद म्हटल्याशिवाय तुमच्या तोंडावर हसू येत नाही. मग ते काय शिकणार? मोजायला की बसवायला?

आज गाभाऱ्यासमोर उभे राहाल तेव्हा एवढंच करा. बसवलेलं काही सांगू नका. म्हणा, "देवा, माझ्याच्यानं एवढंच झालंय. कुठं चुकतंय ते कळत नाही." बाकीचं तो बघेल! चला, हात वर, टाळी खणखणीत — आणि नाम घ्याल ते मनापासून घ्या, नाहीतर शेजारच्याला घेऊ द्या!