तुमचा निबंध वाचला कोणी?

मी चेन्नईत शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या अड्यारच्या कॉलेजात मूल्यांकन समिती यायची होती. पूर्वी इमारत, ग्रंथालय बघून समिती खूश व्हायची. आता संशोधन कुठे छापलं, दुसऱ्या कुठल्या संशोधकाने त्याचा दाखला दिला, हेही विचारणार होती. प्राचार्यांच्या सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या. आमच्या सुमतीबाई, तंजावरकडच्या मराठी, रसायनशास्त्र शिकवायच्या. शहराजवळच्या एन्नोरच्या खाडीतल्या माशांत शिसं असतं, हे त्यांनी शोधलं आणि छापलं एका तमिळ मासिकात.

प्राचार्य मला म्हणाले, "बाईंना गप्प बसायला सांगा."

मी कुठला सांगतोय!

दुपारच्या जेवणानंतर समितीच्या अध्यक्षांनी नेमकं बाईंनाच विचारलं, "तुमच्या निबंधाचा दाखला कोणी दिलाय?"

"कोणीच नाही, सर. पण तो वाचून तिथले कोळी आता घरच्या मुलांना ते मासे देत नाहीत."

"मग त्या माशांचं करतात काय?"

"काय करतील? शहरात विकतात."

अध्यक्ष सावकाश प्राचार्यांकडे वळले. "दुपारी आम्हाला वाढलेला मासा कुठला होता?"

प्राचार्यांनी घाईघाईने चहा मागवला.

तमिळ मासिक नियमात बसत नव्हतं, त्यामुळे संशोधनाला गुण कमीच पडले. संध्याकाळी मात्र समितीने एकमताने सांबार-भात मागितला.